गॅस्ट्रिक बँडनंतर पोळी अडकते, आइस्क्रीम मात्र सरसर जातं. खायचं तरी काय?

बर्डीवाली:

नमस्कार मंडळी. नागपूरला मनीषनगरात राहते, नोकरी बर्डीवर, बँकेत, वय ४४. उन्हाळ्यात वजन उतरवायला गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला. आधीच सांगते, स्लीव्ह नाही आणि बायपास पण नाही, पोट कापलेलं नाही, नुसता सिलिकॉनचा पट्टा पोटाच्या वरच्या भागाला गुंडाळलाय आणि कातडीखाली पोर्ट आहे, त्यातून सलाईन भरून तो आवळता येतो. भाऊ मुंबईला आहे म्हणून ऑपरेशन तिकडे केलं. इथं ज्याला सांगावं तो म्हणते "अवो आता तर सगळे स्लीव्हच करतात, तुम्ही काहून बँड केला", तर तो विषय प्लीज नको, झालंय ते झालंय.

सुरुवातीचे पातळ खायचे दिवस, मग मिक्सरमधलं, मग मऊ, हे सगळं नीट पार पडलं. भर उन्हाळा होता त्यामुळे ताक, पन्हं, वरणाचं पाणी यावर काढायला काही वाटलंच नाही. खरी पंचाईत आता सुरू झाली, दुसरा फिल झाल्यापासून, म्हणजे पोर्टमधून दुसऱ्यांदा सलाईन भरल्यापासून. पोळीचा दुसरा-तिसरा घास गेला की छातीच्या मधोमध काहीतरी बसल्यासारखं होते, तोंडात लाळ सुटते, फेस येते आणि बेसिनकडे पळावं लागते. ऑफिसमध्ये लंचला सगळे सोबत बसतात, वीस मिनिटांत डबे बंद, आणि मी आपली तोंडाला रुमाल लावून बाथरूममध्ये. भात एखाद्या दिवशी जाते, एखाद्या दिवशी नाही. पाव तर सोडूनच द्या.

आणि जाते काय तर आइस्क्रीम, श्रीखंड, साबुदाण्याची खीर, गुरगुट्या वरणभात. मग तेच खाऊन राहिली, कारण भूक तर लागतेच ना. वजन सुरुवातीला उतरलं आणि आता महिन्याभरापासून काटा एका जागी बसलाय.

डायटचा जो कागद मिळाला त्यावर ओट्स, ब्राउन ब्रेड, ब्रोकोली, ग्रिल्ड फिश असं लिहिलंय. आमच्या घरी पोळी, भाजी, वरण, भात, रविवारी सावजी. त्यातलं काय घ्यायचं काय सोडायचं? संत्र्याचा सीझन येईल, त्याआधी महालक्ष्म्या आहेत, सासूबाई आत्तापासूनच म्हणून राहिल्या "त्या दिवशी तरी पोटभर जेव बाई". कोणी बँडवालं असेल तर सांगा.

---

जुना_बँडवाला:

ताई, माझा बँड बराच जुना आहे, तेव्हा नागपुरात दोन-चार जणांनाच माहीत होतं हे प्रकरण. त्यामुळे तुमच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बँडच्या वर जी छोटी पिशवी तयार होते ती एक-दोन टेबलस्पूनची असते, म्हणजे १५ ते ३० मिली. त्यात घट्ट अन्न हळूहळू जाऊन थांबलं की मेंदूला कळते की झालं बाप्पा, आता पुरे. बँडचा सगळा खेळ एवढाच आहे. पातळ आणि गुळगुळीत पदार्थ त्या पिशवीत थांबतच नाहीत, सरळ खाली उतरतात. आइस्क्रीम, खीर, मिल्कशेक, श्रीखंड हे सगळे त्यातलेच. पाव किलो खाल्लं तरी बँडला पत्ता लागत नाही, कॅलरी मात्र पूर्ण लागतात कारण बँडमध्ये आतडं तोडलेलं-जोडलेलं नसते, पोटात गेलेलं सगळं अंगी लागते. म्हणजे जे सोपं जाते तेच वजन अडवून ठेवते. तुमचा काटा काहून थांबला याचं उत्तर यातच आहे, त्यात तुमचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, माणूस जे खाली उतरते तेच खाणार ना.

आता पोळी. गव्हाची ताजी मऊ घडीची पोळी हा बँडवाल्यांचा शत्रू नंबर दोन, नंबर एक पाव. चावली की तिचा चिकट गोळा होते आणि तोच बँडच्या तोंडावर बूच बसल्यासारखा बसते. मी गव्हाची पोळी जवळपास बंदच केली. ज्वारीची भाकर खातो, ती पण पातळ थापलेली आणि परत तव्यावर कडक केलेली, कडा वाजल्या पाहिजेत. ती भुरभुरीत होते, गोळा होत नाही. खाकरा पण जाते. ताजी मऊ लुसलुशीत भाकर दुधात कुस्करून मात्र नको, ते पुन्हा सोप्या रस्त्यानं जाणारं झालं.

भात मोकळा शिजलेला, दोन-तीन चमचे, तो पण शेवटी. घास चणाडाळीच्या दाण्याएवढा. हसू नका, खरंच एवढाच. लहान मुलांचा चमचा घ्या, एक घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवा, तोंडातलं पूर्ण पातळ होईपर्यंत चावा, गिळल्यावर थोडं थांबा आणि मगच पुढचा. आधी प्रोटीन, म्हणजे अंडं, पनीर, चून (पिठलं), जाड वरण, मासे, मग भाजी, मग जागा उरली तर भाकर-भात. आपल्या ताटाची जी सवय आहे, आधी पोळीभाजी आणि शेवटी वरणभात, ती उलटी करायची.

आणि जेवताना पाणी नाही. जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास नाही. पाण्यानं घास ढकलला की पिशवी रिकामी होते आणि तासाभरात पुन्हा भूक. सोडा, कोल्ड्रिंक बंद, गॅसनं त्या छोट्या पिशवीत जे होते ते तुम्हाला एकदा कळलं की आपोआप बंद होईल.

ऑफिसच्या लंचचं मी असं केलं होतं की सगळ्यांसोबत बसायचो पण डब्यात फक्त उकडलेलं अंडं किंवा पनीरची सुकी भुर्जी आणि बोलायचं काम दुसऱ्यांकडे सोपवायचं. बोलत बोलत जेवलं की अडकलंच म्हणून समजा.

---

तर्रीप्रेमी:

बँडबिंड काही माहीत नाही बाप्पा, मी इथं फक्त तर्री पोह्यांचा निकाल काय लागते ते पाहायला थांबलोय 😄 नागपुरात राहून तर्री पोहे बंद म्हणजे काय जगणं आहे राजेहो.

---

जुना_बँडवाला:

@तर्रीप्रेमी बंद नाहीत, उलटे झाले. लोक पोहे जास्त आणि चणे नावाला घेतात, मी चणे जास्त आणि पोहे वरून शिंपडल्यासारखे घेतो. चण्याची सालं मात्र अडकतात, ती तोंडात वेगळी करून बाजूला काढून ठेवतो, बायको म्हणते घाण सवय. तर्रीवरचा तेलाचा तवंग टपरीवाल्याला बाजूला करायला सांगतो, तो माझ्याकडे असा पाहतो की जसं मी त्याची इस्टेट मागितली.

---

वर्धेची_स्लीव्हवाली:

ताई मी स्लीव्ह केलंय, दीड-दोन वर्षं झाली. मला सहा महिन्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं सगळं खा, फक्त कमी खा. पोळी पण जाते आता एक. सुरुवातीला माझंही असंच व्हायचं, सवय होते, थोडं जोर लावून खायचं, पोट सैल होते हळूहळू. घाबरू नका.

---

पथ्यताई:

वर्धेच्या ताई, तुमचा हेतू चांगला आहे पण हे बँडला लागू करू नका. मी डायटिशियन आहे, धंतोलीत काम करते, बॅरिअॅट्रिकचे, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनचे पेशंट रोज पाहते, त्यात बँडचे आता मोजकेच उरलेत पण आहेत. स्लीव्हमध्ये पोटाचा मोठा भाग काढून टाकलेला असतो, उरलेली नळी असते, तिथं मध्ये आवळणारं काही नसते. बँडमध्ये रस्ताच अरुंद केलेला आहे. तिथं "जोर लावून" खाल्लं तर वरची पिशवी ताणली जाते, आणि वारंवार उलट्या झाल्या तर बँड जागेवरून सरकू शकतो. मग पुन्हा ऑपरेशन. त्यामुळे जोर लावणे हा शब्दच नको.

बर्डीवाली ताई, तुमच्यासाठी थोडं.

घास अडकला की काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही. खाणं तिथंच थांबवा. वरून पाणी ओतू नका, ते पण वरच साचते. उभं राहा, हळूहळू चाला, वेळ द्या, बहुतेक वेळा जाते नाहीतर वर येते. त्यानंतरचा पूर्ण दिवस फक्त पातळ घ्या, कारण घासानं आतली जागा सुजलेली असते. बरेच जण अर्ध्या तासानं "आता बरं वाटतंय" म्हणून पुन्हा जेवायला बसतात आणि पुन्हा अडकते, मग ते चक्र आठवडाभर चालते.

प्रोटीन दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी हवं. एका अंड्यात ६ च्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. आपलं पातळ वरण वाटीभर प्यायलं तर फार तर चार-पाच ग्रॅम मिळते, लोकांना वाटते वरण पितो म्हणजे प्रोटीन झालं, तसं नाही. वरण घट्ट करा, तुरीसोबत मूग घाला. घट्ट दही, चक्का (साखर न घातलेला, श्रीखंड नव्हे), सोया ग्रॅन्यूल्सची भुर्जी, मुगाचं धिरडं कडेपर्यंत भाजलेलं. केस गळायला लागले की सगळे शाम्पू बदलतात, आधी ताट बघा.

सावजी: मटणाचे तुकडे नको, तंतू लांब असतात, कितीही चावा दोरी राहतेच. खिमा चालतो, ओलसर हवा. चिकनमध्ये छातीचा कोरडा तुकडा अडकतो, तंगडीचा त्यातल्या त्यात बरा. तिखटाचं म्हणाल तर बँडला तिखटाचं वावडं नाही, पण आम्लपित्त असेल तर सावजीचा रस्सा रात्री आडवं झाल्यावर वर येतो. आणि रश्श्यातलं तेल पातळ आहे, ते कुठंही थांबत नाही.

संत्रं: हे नागपूरकरांना वेगळं सांगावं लागते. फोडीवरचं जे पांढरं पातळ आवरण असते ना, ते चावून बारीक होत नाही आणि बँडच्या तोंडाशी जमा होते. फोड सोलून आतला गरच खायचा. वेळ लागतो, लागू दे. रस काढून पिऊ नका, गाळलेला ग्लासभर रस म्हणजे तीन-चार संत्र्यांची साखर एका मिनिटात. अंबाडी, शेवग्याच्या शेंगा, कच्चं खोबरं, मक्याचे दाणे, टोमॅटोची सालं यांचं पण हेच. अंबाडी आवडत असेल तर पानं बारीक चिरून, देठ पूर्ण काढून, चांगली घोटून.

औषधं: मोठ्या गोळ्या अडकतात. आयर्न-कॅल्शियम सिरप किंवा चावायच्या गोळीत मिळते. पण मनानं गोळी कुटू नका, हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळं औषध एकदम अंगात जाते, शुगर-बीपीच्या काही गोळ्या तशा असतात. वजन उतरलं की त्या औषधांचा डोस पण बदलावा लागतो, तेव्हा आपल्या फिजिशियनला भेटत राहा. डोकं दुखलं-पाय दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन उचलू नका, ते जठराच्या आवरणाला त्रास देतात, पॅरासिटामॉलवर भागवा. आणि मल्टीव्हिटॅमिन कायमचं. शाकाहारी असाल तर बी१२ तपासत राहा.

आता मला तुम्हीच सांगा, त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त होते? आणि रात्री झोपल्यावर काही?

---

बर्डीवाली:

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, थँक्यू 🙏

पथ्यताई, सकाळी जास्त. सकाळी तर चहासुद्धा हळूहळू उतरते, नाश्ता जातच नाही, दुपारनंतर जरा मोकळं वाटते, रात्री त्यातल्या त्यात बरं जेवण होते. आणि रात्रीचं म्हणाल तर हो, झोपलं की आंबट पाणी घशाशी येते, खोकला सुटते, उशी दोन घेऊन झोपते. मला वाटलं ॲसिडिटी असेल, अँटासिड घेऊन राहिली. हे दुसऱ्या फिलनंतरच सुरू झालं खरं.

---

पथ्यताई:

सकाळी बँड घट्ट वाटणं हे बऱ्याच जणांना होते, पाळीच्या आधी, ताणात, विमानप्रवासानंतर पण होते. त्याला उपाय म्हणजे सकाळी कोमट पाणी किंवा चहा घोट घोट, आणि पहिलं घट्ट खाणं उशिरा, अकराच्या सुमारास.

पण रात्रीचा खोकला आणि घशाशी येणं, त्यासोबत पोळी नाही, भात नाही, फक्त मऊ जातंय, हे सगळं एकत्र आलं की माझ्या अनुभवात एकच अर्थ निघतो, बँड जास्त घट्ट झालाय. लोकांना वाटते जितका घट्ट तितकं वजन लवकर उतरेल. होते उलट. घट्ट बँडमध्ये घट्ट अन्न जात नाही, मग माणूस आइस्क्रीम-खिरीवर येते आणि वजन थांबते किंवा वाढते. थोडं सलाईन काढलं तर भाकर-अंडं जायला लागेल आणि वजन पण उतरेल. यात पदार्थ बदलून काही होणार नाही, मी कितीही याद्या दिल्या तरी.

मुंबईच्या सर्जनला उद्याच फोन करा, अँटासिडवर ढकलू नका. झोपेत वर आलेलं छातीत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. घट्टपणा आहे की बँड सरकलाय हे बेरियम पाजून एक्स-रे काढला की कळते. आणि एखाद्या दिवशी पाणी किंवा स्वतःची थुंकीही उतरेनाशी झाली, किंवा पोटात जोरात दुखलं, तर फोनची वाट न बघता इमर्जन्सीत जायचं.

---

जुना_बँडवाला:

पूर्ण सहमत. माझा बँड आता आहे तो कमी सीसीवर, म्हणजे कमी सलाईनवर आहे आणि आधीच्या जास्त सीसीपेक्षा चांगला चालते. लोक एकमेकांना विचारतात "तुझ्यात किती भरलेत", त्याला काही अर्थ नाही, बँडच्या कंपन्या-साइज वेगळे असतात, प्रत्येकाचं पोट वेगळं.

एक अजून. मुंबईला जाणं जमत नसेल आणि इथंच सलाईन काढून घ्यायचं असेल तर आधी फोनवर विचारा की तुमच्याकडे बँडचे पेशंट येतात का आणि पोर्टची खास सुई आहे का. साध्या सुईनं पोर्टचं रबर फाटते आणि मग गळायला लागते. मला एका ठिकाणी साधी इंजेक्शनची सुई काढलेली पाहून खुर्चीतून उठावं लागलं होतं. तुमच्या बँडचं कार्ड असेल, कंपनी, साइज, किती सीसी भरलेत, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये पण.

---

महालची_मीनल:

मी पेशंट नाही, माझ्या जाऊबाईंचा बँड आहे. सासूबाईंच्या मुद्द्यावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते, कारण आमच्या घरी सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला.

सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, आंबील, आणि वाढणारी प्रत्येक बाई म्हणते "माझ्या हातची एक तरी". पहिल्या वर्षी जाऊबाईंनी मान ठेवायला पुरणपोळी खाल्ली, तूप लावून, आणि सवाष्णी जेवून राहिल्या तेव्हा त्या मागच्या अंगणात. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही वाढायचं काम त्यांच्याकडे दिलं. वाढणाऱ्या बाईला कोणी आग्रह करत नाही, आणि ती शेवटच्या पंगतीला बसली तर तिच्या ताटाकडे पाहायला कोणाला वेळ नसते. ताटात सगळं थोडं थोडं वाढून घेतात, प्रसाद म्हणून पुरण नुसतं, पोळीशिवाय, चमचाभर. आंबील जाते पण ती पण पातळ, त्यामुळे वाटीच, दुसऱ्यांदा नाही.

सासूबाईंना आम्ही "डॉक्टरांनी सांगितलंय" असं सांगून पाहिलं, उपयोग शून्य. मग जाऊबाईंनी त्यांना सोबत फिलला नेलं. तिथं डॉक्टरांनी मॉडेल दाखवलं, वरच्या पिशवीचा आकार पाहून त्या घरी आल्या आणि आता आल्यागेल्याला त्याच सांगतात की आमच्या सुनेचं पोट एवढुसं आहे, तिला बळजबरी करायची नाही. आता उलट झालंय, जाऊबाईंनी दुसरा चमचा घेतला तरी त्याच डोळे मोठे करतात.

---

तर्रीप्रेमी:

मीनलताई, वाढायला उभं राहायची आयडिया मी लग्नात वापरणार, मला बँड नसूनही.

बाय द वे पाटोडी रस्सा चालते का बँडला? आता उत्सुकता लागली.

---

बर्डीवाली:

अपडेट. आज सकाळी सर्जनशी बोलले. खोकल्याचं सांगितल्याबरोबर म्हणाले की हे आधीच कळवायला हवं होतं, शनिवारी या, एक्स-रे बघू आणि थोडं सलाईन काढू, तोपर्यंत पातळच घ्या आणि रात्रीचं जेवण झोपायच्या तीन-चार तास आधी संपवा. सासूबाईंना सोबत नेऊन राहिली, मीनल, तुमचं वाचून. त्या खुश आहेत, त्यांना वाटते भावाकडे राहायला चाललो.

घरातलं आइस्क्रीम मुलाला सांगितलं संपव, त्याची काही तक्रार नाही.

पाटोडीचं मला पण सांगा, बेसन आहे म्हणजे प्रोटीन आहे ना?

---

जुना_बँडवाला:

चालते, माझ्याकडे दर आठवड्याला होते. शनिवारनंतर मात्र, लगेच नको, सलाईन काढल्यावर डॉक्टर घट्ट सुरू करा म्हणतील तेव्हा. बेसन घट्ट शिजवा, ताटलीत पातळ थापा, नेहमीपेक्षा निम्म्या जाडीचं, म्हणजे वडीचा मधला भाग चिकट राहत नाही. वड्या छोट्या पाडा आणि पाच मिनिटं तव्यावर दोन्हीकडून शेकून घ्या, तळू नका. रस्सा वेगळ्या वाटीत, त्यात वडी नुसती बुडवून काढायची, रस्सा प्यायचा नाही. वरून सांबार (कोथिंबीर) भरपूर, पण काड्या काढून. दोन-तीन वड्यांत माझं जेवण होते.

खसखस-खोबऱ्याचं वाटण एकदम बारीक करा, खोबऱ्याचा किस राहिला तर तो अडकते.

---

तर्रीप्रेमी:

उद्या आमच्या घरी पाटोडी. शेकलेली नाही, तळलेली.